आधी विद्यार्थी, मग शिक्षक : भारतातील जपानी भाषेच्या अध्यापकांची वाट



आपल्या हबीबगंज स्थानकावरची पाटी नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलली आणि तेथे राणी कमलापतीचे नाव आले. वस्तीतल्या माणसांच्या तोंडी जुने नाव अजून आहे. नावे अशी एका दिवसात पुसली जात नाहीत. या स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या मनात एक रेषा उमटते. उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग भोपाळ ओलांडून थोड्याच वेळात सांचीला पोचतो. तोच मार्ग दक्षिणेला इटारसी, बैतूल, नागपूर मागे टाकीत सेवाग्रामला जातो. सांचीला सारिपुत्त आणि मोग्गलान या बुद्धशिष्यांचे अस्थिधातू ३० नोव्हेंबर १९५२ रोजी नव्या विहारात स्थापन झाले. पुढे १९९०च्या दशकात युनेस्कोमार्फत आलेल्या जपानी निधीतून सांची आणि सतधारा येथील स्तूपांच्या जतनाचे काम झाले. दक्षिणेच्या टोकाला सेवाग्राममध्ये तर एका जपानी भिक्षूची प्रार्थना आश्रमाच्या दिनक्रमात कायमची मिसळून गेली. अशा रेषेच्या मधोमध बसलेल्या शाळेत जपानी शिक्षकांविषयी बोलावे, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्वतः भाषेचे शिक्षक होते. म्हणून विषय निवडताना मी राजदूतांना आणि व्यापारी शिष्टमंडळांना बाजूला ठेवले. दुसऱ्या देशात जाऊन आपली भाषा शिकवणारा आणि शिकवता शिकवता तेथल्या लोकांच्या कामाला हात लावणारा जो सामान्य अध्यापक, त्याचा मागोवा मला घ्यावयाचा आहे. जपानी भाषेत शिक्षकाला ‘सेन्सेइ’ म्हणतात. त्या शब्दाचा अक्षरार्थ ‘आधी जन्मलेला’ एवढाच आहे. मला ज्या माणसांविषयी सांगावयाचे आहे, त्यांच्यापुरता तो अर्थ थोडा वळवून घ्यावासा वाटतो : ते आधी विद्यार्थी झाले, आणि मगच शिक्षक.

या देवघेवीतला पहिला पाठ आपल्याकडून तिकडे गेला, हे प्रथम सांगितले पाहिजे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इसवी सन ७३६ मध्ये जपानला पोचला. नारा येथील तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये त्याच्या हस्ते झाला. त्याच्यासारख्या भिक्षूंमुळे आणि चीनमार्गे गेलेल्या ग्रंथांमुळे जपानी मठांतून सिद्धम् लिपीचा अभ्यास रुजला. त्याची खूण आजच्या जपानी बालवर्गातही दिसते. तेथील मूल पहिल्यांदा जो अक्षरतक्ता घोकते, त्यातले स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा लागतात. आपली वर्णमाला पाठ असलेल्या कोणालाही हा क्रम ऐकताच ओळखीचा वाटेल. ‘च’च्या जागी ‘स’ आणि ‘प’च्या जागी ‘ह’ का, असा प्रश्न चिकित्सक विद्यार्थी विचारील. जुन्या जपानीत या ओळींचे उच्चार वेगळे होते. आज जिथे ‘ह’ आहे, तिथे एके काळी ‘प’ होता. उच्चार बदलले, ओळींची जागा मात्र बदलली नाही. वाक्यरचनेतही कर्ता, कर्म, क्रियापद हा आपलाच क्रम आहे, आणि ‘माझे पुस्तक’ म्हणावयाचे तर ‘वताशि नो होन’ म्हणतात. त्यातला ‘नो’ आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करतो. मराठी मुलाला जपानी भाषा अवघड जाते ती चिनी चित्राक्षरांपाशी. व्याकरणापाशी फारशी नाही.

अर्वाचीन काळातला आरंभ शांतिनिकेतनात झाला. ओकाकुरा काकुझो हे कलामर्मज्ञ १९०२ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांच्यासोबत होरी शितोकु नावाचा तरुण भिक्षू होता. रवींद्रनाथांचा ब्रह्मचर्याश्रम स्थापन होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. होरी तेथे संस्कृत शिकण्यासाठी राहिला. त्या आश्रमाचा पहिला परदेशी विद्यार्थी तोच. १९०३ मध्ये प्रवासात असतानाच त्याचा अकाली मृत्यू झाला आणि पाठ अर्धा राहिला. दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, सानो जिन्नोसुके आला. मुलांना ज्यूदो शिकवणे हे त्याचे मुख्य काम, आणि त्याच्या जोडीला जपानी भाषेचे धडे. भाषेचा वर्ग कुस्तीच्या आखाड्याशेजारी सुरू झाला, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. मुलांनी पहिले जपानी शब्द शरीराने ऐकले असतील. सानोने नंतर रवींद्रनाथांची ‘गोरा’ ही कादंबरी जपानी भाषेत नेली. शिकवायला आलेला माणूस परत जाताना भाषांतरकार होऊन गेला. पुढे १९२९ मध्ये ताकागाकी शिंझो हे ज्यूदोचे निष्णात शिक्षक आले. त्यांच्या वर्गात मुलीही होत्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मात्र या साऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो कासाहारा. तो अध्यापक नव्हता. सुतार आणि बागकाम जाणणारा कारागीर होता. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी लिओनार्ड एल्महर्स्ट यांनी सुरुल गावी ग्रामपुनर्रचनेचे काम सुरू केले. तेच पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्ध झाले. मलेरियाने खंगलेल्या, शेती खालावलेल्या खेड्यांत उभे राहण्याचे ते काम होते. तेथे कासाहाराने लाकूडकाम केले, बागा उभ्या केल्या आणि रवींद्रनाथांसाठी झाडावर एक खोलीही बांधली. सांस्कृतिक देवघेव म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हारतुरे आणि भाषणे येतात. रंधा चालवणाऱ्या माणसाचे नाव त्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच असते.

आता दक्षिणेकडे, आपल्या महाराष्ट्रात येऊ. फुजिई निचिदात्सु हे निचिरेन परंपरेतले भिक्षू १९३१ मध्ये भारतात आले. बौद्ध धर्म ज्या भूमीतून आपल्याकडे आला, त्या भूमीला तो परत द्यावा, ही त्यांची श्रद्धा होती. ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि पुढे ‘फुजिई गुरुजी’ हेच त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांच्या हातात एक लहान ढोल असे. वर्तुळाकार चौकटीवर ताणलेले कातडे, खाली पंख्यासारखी मूठ. त्यावर ठेका धरून ते ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणत. हा मंत्र म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला केलेले नमन. त्यातला ‘नामु’ हा आपलाच ‘नमो’ आहे. चीन आणि जपान फिरून तो वर्ध्याला परत आला, तेव्हा त्याला कोणी चटकन ओळखले नसेल.

गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहावयास गेले. त्या गावाचे सेवाग्राम झाले आणि फुजिई गुरुजींच्या परंपरेतला एक भिक्षू तेथील आश्रमाचा सदस्य होऊन राहिला. तो नेमलेली कामे मुकाट्याने करी आणि नित्याची उपासना चुकवीत नसे. त्याने कोणाला जपानी व्याकरण शिकवले नाही. परंतु आश्रमातल्या विदर्भी, गुजराती, तमिळ माणसांच्या तोंडी जपानी वळणाचे शब्द रोज दोन वेळा येऊ लागले. आश्रमाच्या प्रार्थनेत ते ‘नम्यो हो रेंगे क्यो’ असे सुटसुटीत होऊन बसले. भाषाशास्त्रज्ञाला हा अपभ्रंश वाटेल. पण परका शब्द घरचा झाला, की तो थोडा झिजतोच.

मग डिसेंबर १९४१ आला. जपानने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि ब्रिटिश भारतातले सारे जपानी एका रात्रीत शत्रू ठरले. व्यापारी, दंतवैद्य, कारकून, भिक्षू असा भेद कायद्याने केला नाही. अशा नागरिकांना दिल्लीच्या पुराना किल्ल्यातल्या छावणीत ठेवले गेले. पुढे राजस्थानातली देवळी हे त्यांच्या बंदिवासाचे ठिकाण झाले. सेवाग्रामच्या भिक्षूलाही पोलिसांनी नेले.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे, कारण या प्रसंगाला दोन बाजू आहेत आणि त्यातली एकच सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओकाकुरांनी १९०३ मध्ये ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ या ग्रंथात आशियाच्या ऐक्याचा उद्घोष केला होता. त्याच घोषणेचा झेंडा करून जपानी लष्कर चीनमध्ये आणि आग्नेय आशियात शिरले. ज्या रवींद्रनाथांनी ज्यूदो आणि जपानी चित्रकला प्रेमाने आपलीशी केली, त्यांनीच १९१६ मध्ये जपानमध्ये उभे राहून आक्रमक राष्ट्रवादाविरुद्ध इशारा दिला. १९३८ मध्ये कवी योने नोगुची यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी चीनवरील आक्रमणाचे समर्थन साफ नाकारले. नोगुची दोन-तीन वर्षांपूर्वीच भारतात सन्मानाने हिंडून गेले होते. मैत्री होती म्हणून रवींद्रनाथ गप्प बसले नाहीत. म्हणजे ज्या पुलावरून शिक्षक येत होते, त्याच पुलाच्या नावाने सैन्य चालून येण्याची भाषा होत होती. सामान्य माणसाने अशा वेळी शिक्षकावर विश्वास ठेवावा कसा?

गांधीजींनी १८ जुलै १९४२ रोजी सेवाग्रामहून प्रत्येक जपान्याला उद्देशून एक खुले पत्र लिहिले; ते ‘हरिजन’मध्ये छापून आले. ब्रह्मदेश तेव्हा जपानच्या हाती गेला होता आणि आक्रमण भारताच्या दाराशी आले होते. पत्रात चीनवरील हल्ल्याचा कठोर निषेध आहे. भारतात तुमचे स्वागत होईल या भ्रमात राहू नका, तुमचा प्रतिकारच होईल, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे. आणि त्याच पत्रात त्या भिक्षूविषयी काही ओळी आहेत. त्याची कर्तव्यनिष्ठा, त्याचे शालीन वागणे, कोणत्याही प्रसंगी न ढळणारी त्याची शांती आणि सहज हसू यांनी तो सर्वांना प्रिय झाला होता. एक जिवलग सहकारी आमच्यातून गेला. मागे त्याची प्रार्थना आणि त्याचा छोटा ढोल राहिला आणि त्या ढोलाच्या साथीनेच आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होते, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. त्या भिक्षूची ओळख पत्रात त्याच्या कामाने आणि स्वभावाने करून दिली आहे. शत्रुराष्ट्राला बजावणारे आणि त्याच राष्ट्रातल्या सहकाऱ्याची उणीव बोलून दाखवणारे असे पत्र युद्धकाळात दुसऱ्या कोणी लिहिले असेल, तर ते माझ्या वाचनात नाही. तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच, ९ ऑगस्टला, स्वतः गांधीजींनाच पकडून नेण्यात आले. ढोल मात्र आश्रमातच राहिला.

युद्ध संपले. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर फुजिई गुरुजींनी उरलेले आयुष्य शांतिस्तूप उभारण्याला वाहिले. पहिला स्तूप १९५४ मध्ये कुमामोतोला झाला आणि राजगीरचा १९६९ मध्ये. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप १९९३ मध्ये पुरा झाला. तो पाहण्यास ते नव्हते. शंभरीला काही महिने उरले असता, जानेवारी १९८५ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. जपानशी मैत्री जोडणाऱ्यांत काकासाहेब कालेलकरही होते. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १८८५चा. साताऱ्याच्या या मराठी माणसाने जपानवरचे आपले प्रवासवर्णन, ‘उगमणो देश’, गुजरातीत लिहिले आणि मराठी वाचकांना तोंडात बोट घालायला लावले. ते असो.

भाषेचा रीतसर वर्ग पुन्हा शांतिनिकेतनातच सुरू झाला. विश्वभारतीत १९५४ पासून जपानी भाषेचे अध्यापन नियमित होऊ लागले. तेथे १९६७ मध्ये आझुमा काझुओ आले आणि १९७१ पर्यंत त्यांनी जपानी शिकवले. तोक्यो येथे १९३१ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांचे शिक्षण आधी जर्मन साहित्याचे आणि मग भारतीय तत्त्वज्ञानाचे. चार वर्षांचा करार संपला, की माणूस सामान बांधतो आणि पुढे आयुष्यभर आठवणी सांगतो. बहुतेकांचे असेच होते. आझुमांचे तसे झाले नाही. बंगाली त्यांनी इतकी आपलीशी केली, की रवींद्रनाथांच्या साहित्याचे बारा खंड जपानी भाषेत सिद्ध करण्याच्या कामाचा मुख्य भार त्यांनी उचलला. १९८१ ते १९९३ अशी बारा वर्षे ते प्रकाशन चालले. विद्यापीठातली प्राध्यापकी सांभाळून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी केइको यांनी आणखी एक काम हाती घेतले. शांतिनिकेतनातल्या जपानी विभागाला स्वतःची वास्तू हवी, म्हणून त्यांनी जपानमध्ये लोकांकडून वर्गणी गोळा केली. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसणे हा अध्यापकांचा जुना रोग आहे. मी स्वतः त्याचा रुग्ण आहे म्हणून बोलतो. या दांपत्याला तो नव्हता. फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘निप्पॉन भवन’ उघडले. पुढे कोलकात्यात २००७ मध्ये ‘रवींद्र-ओकाकुरा भवन’ झाले. त्यामागेही आझुमाच होते. जुलै २०११ मध्ये ते वारले.

आझुमांच्या वर्गात बसलेल्या मुलाने काय शिकले असेल? ‘अ, इ, उ, ए, ओ’ शिकले असेलच. पण समोरचा परदेशी शिक्षक वर्ग संपताच स्वतः विद्यार्थ्याच्या भाषेची वही उघडतो, हे दृश्य त्याने पाहिले असणार. मला वाटते, दुसरा पाठ पहिल्याहून मोठा. भाषा शिकवणारा जर शिकत नसेल, तर तो आपल्या देशाचा माहिती-अधिकारी होतो. त्याचा पगार होतो, कामही होते. स्नेह होत नाही.

सेवाग्राम आणि शांतिनिकेतन ही दोन टोके एका आयुष्यात जोडणारा एक जपानी शिक्षक होऊन गेला. साइजी माकिनो १९५८ मध्ये भारतात आले ते प्रथम सेवाग्रामला. तेथे त्यांनी हिंदी शिकली. नंतर ते शांतिनिकेतनात स्थिरावले आणि जपानी शिकवू लागले. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या त्या जपानीत नव्हे, थेट हिंदीत : ‘भारतवर्ष में पैंतालीस साल : मेरी हिन्दी यात्रा’. पुस्तकाचे नावच पाहा. पंचेचाळीस वर्षे या देशात काढलेल्या जपानी अध्यापकाने आपल्या प्रवासाला ‘जपानी-यात्रा’ म्हटले नाही. त्याने काय शिकवले, याआधी काय शिकले, ते मुखपृष्ठावर आहे. हिंदी प्रदेशात राहून घरी मराठी जपणाऱ्या भोपाळच्या आपल्या कुटुंबांना या शीर्षकाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

महाराष्ट्राचे आजचे चित्र निराळे आहे. पुणे हे देशातल्या जपानी भाषेच्या अध्ययनाचे मोठे केंद्र झाले आहे. तेथला विद्यार्थी बहुधा संगणक-उद्योगातल्या किंवा वाहन-कारखान्यातल्या नोकरीसाठी जपानी शिकतो. कोणी नाक मुरडून म्हणतात, की ही भाषेची उपासना नव्हे, पोटाची सोय आहे. पोटासाठी भाषा शिकण्यात वावगे ते काय? सानोही नोकरीवरच आला होता. प्रश्न पुढचा आहे : नोकरी लागल्यावर त्या भाषेतून कोणी काही आणले का? काहींनी आणले. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणले आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी कोबायाशी गुरुजींची शाळा मराठी घराघरांत पोचली. ती शाळा १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली, हे वाचताना आपली मुले शत्रू कोण आणि मित्र कोण हे विचारीत नाहीत. पुण्यात ओकायामा शहराच्या मैत्रीतून घडलेले जपानी शैलीचे उद्यान आहे, त्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे, आणि ‘पूर्वरंग’च्या लेखकाला ते शोभते. उलट दिशेनेही माणसे आली. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी या जपानी इतिहासकारांनी मराठी शिकून पेशवेकालीन कागदपत्रांत बुडी मारली. फुकाझावांचे मध्ययुगीन दख्खनवरील निबंध १९९१ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आले, तेव्हा आपल्या वतनांविषयी आणि बलुतेदारीविषयी आपणच त्यांच्याकडून काही शिकलो. मोडी वाचू शकणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांतून किती आहेत, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही. उत्तर ऐकवणार नाही.

या शाळेच्या मुलांची सहल सांचीला दर एक-दोन वर्षांनी जात असेलच. एखाद्या वर्षी ती दक्षिणेच्या गाडीत बसवावी, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. सेवाग्रामला सायंकाळची प्रार्थना उघड्यावर होते. मुलांनी तेथे मातीवर बसावे आणि प्रार्थना सुरू होताना कान द्यावा. जे पहिले शब्द ऐकू येतील, ते कोणत्या भाषेतले, हे त्यांना आधी सांगू नये.